लढाई हरलेले सेनापती



आपल्या शनिवारच्या वर्गाच्या बाईंनी या अंकासाठी माझ्याकडे एका थोर व्यक्तीचे चरित्र मागितले, तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. मी पडलो संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा माणूस. कॉलेज सुटल्यापासून मराठीत पत्रापलीकडे काही लिहिलेले नाही. पण बाईंना नाही म्हणण्याची हिंमत तुम्हाला नाही, तशी ती पालकांनाही नाही! तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

चरित्र कोणाचे लिहायचे हे मात्र माझ्या धाकट्या मुलीने ठरवले. गेल्या सुट्टीत आम्ही पुण्याला गेलो होतो. रिक्षातून जाताना तिने एका रस्त्याची पाटी मोठ्याने वाचली : सेनापती बापट रस्ता. जोडाक्षर न अडखळता वाचले म्हणून मी खूश झालो, पण लगेच तिचा प्रश्न आला. बाबा, हे कोणत्या सैन्याचे सेनापती होते? आणि त्यांनी कोणती लढाई जिंकली?

मला उत्तर देता आले नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत त्या रस्त्यावरून मी किती वेळा गेलो असेन याची गणती नाही. मुंबईतही दादरहून लोअर परळकडे जाणारा सेनापती बापट मार्ग आहे, तिथेही कैकदा गेलो होतो. नाव तोंडपाठ आणि माणूस अनोळखी! तेव्हा मी वाचायला सुरुवात केली. वाचल्यावर कळले की या सेनापतींकडे सैन्य नव्हते, आणि ज्या लढाईमुळे लोकांनी त्यांना सेनापती म्हटले ती लढाई ते जिंकले नाहीत, हरले. मग त्यांचे नाव रस्त्याला का दिले असेल? ते आता सांगतो.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातील पारनेर या गावी झाला. पारनेर हा कमी पावसाचा, दुष्काळी भाग. घरची परिस्थिती साधारण, पण मुलगा अभ्यासात फार हुशार. नगरला शाळा झाली, मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले. पुढे परदेशात शिकण्यासाठी त्यांना शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०४ मध्ये ते बोटीने स्कॉटलंडमधील एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले.

पालकहो, इथे मी जरा थांबलो. आपल्यातले कितीतरी जण असेच शिक्षणाच्या आणि नोकरीच्या जोरावर घरापासून लांब आले. बापटही तसेच निघाले होते. चार-पाच वर्षांत पदवी घेऊन परतले असते तर मोठ्या पगाराची सरकारी नोकरी, बंगला आणि पेन्शन, सगळे मिळाले असते. पण तिथे त्यांनी एका सभेत इंग्रजी राज्यात हिंदुस्थानची काय अवस्था झाली आहे हे उघडपणे मांडले. इंग्रजांच्या देशात उभे राहून इंग्रजांनाच त्यांच्या राज्याचा हिशेब विचारला. परिणाम व्हायचा तो झाला. शिष्यवृत्ती बंद झाली आणि इंजिनिअरची पदवी राहिली ती राहिलीच.

मग ते लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये सावरकर आणि इतर क्रांतिकारकांच्या गटात आले. पॅरिसला जाऊन त्यांनी रशियन क्रांतिकारकांकडून बाँब तयार करण्याची विद्या मिळवली आणि १९०८ मध्ये ते भारतात परतले. बंगालमधील अलीपूर बाँब खटल्यात त्यांचे नाव पुढे आले तेव्हा ते भूमिगत झाले, म्हणजे नाव-गाव लपवून राहू लागले. १९१२ मध्ये इंदूरला पकडले गेले. पुढे सुटका झाल्यावर ते पारनेरला आले. तिथे या युरोपात शिकून आलेल्या तरुणाने हातात झाडू घेतला! गावचे रस्ते झाडायचे आणि संडास साफ करायचे, हे काम ते स्वतः करू लागले. त्या काळी हे काम फक्त काही ठरावीक जातींच्या माणसांवर लादलेले होते. उच्चवर्णीय समजल्या जाणाऱ्या माणसाने ते करणे म्हणजे लोकांच्या दृष्टीने वेडेपणाच होता. पण समाजाची घाण एकाने करायची आणि दुसऱ्याने उचलायची, हे त्यांना पटत नव्हते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. मध्यंतरी पुण्याला टिळकांच्या मराठा या इंग्रजी वर्तमानपत्रातही त्यांनी काम केले.

आता मुख्य गोष्ट.

पुण्याच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर मुळशी आहे. त्या काळी त्याला मुळशी पेटा म्हणत. पेटा म्हणजे तालुक्याहून लहान विभाग. सह्याद्रीच्या अगदी कड्याजवळचा हा भाग, पावसाळ्यात नुसता कोसळता पाऊस. तिथे मुळा आणि निळा या नद्यांचा संगम होतो. नदीकाठच्या जमिनीत आंबेमोहोर तांदूळ पिकतो. ज्यांनी हा भात घरी शिजताना वास घेतला आहे त्यांना त्याचे वर्णन सांगायला नको. इथे राहणारे शेतकरी म्हणजे मावळे. हो, शिवाजी महाराजांचे मावळे याच डोंगरदऱ्यांतले.

आणि मुंबईत होत्या कापडाच्या गिरण्या. त्या कोळशावर चालत, त्यामुळे शहरावर काळा धूर पसरलेला असे. जमशेटजी टाटा यांची कल्पना अशी होती की सह्याद्रीवर पडणारे पाणी घाटमाथ्यावर अडवायचे, मोठ्या नळांतून कड्याखाली सोडायचे आणि त्या जोरावर वीज तयार करायची. त्यांच्या मृत्यूनंतर टाटा कंपनीने हे प्रत्यक्षात आणले. पहिले वीजघर खोपोलीला १९१५ मध्ये सुरू झाले, दुसरे भिवपुरीला १९२२ मध्ये. मुळशीला धरण बांधून त्याचे पाणी घाटाखाली भिरा येथे सोडायचे, ही तिसरी योजना. पाणी जवळजवळ ५०० मीटर खाली पडणार! म्हणजे सव्वाशे-दीडशे मजल्यांची इमारत डोळ्यांसमोर आणा.

मी खरे सांगतो, इंजिनिअर म्हणून ही योजना वाचताना मला ती फार आवडली. कोळसा नाही, धूर नाही, दर वर्षी पाऊस फुकट. आज आपण हिला स्वच्छ वीज म्हणू. मी त्या वेळी असतो तर बहुधा धरणाच्या नकाशावर वाकून काम करत असतो.

पण नकाशात एक गोष्ट होती. जिथे निळा रंग भरायचा होता तिथे पन्नासच्या आसपास गावे होती आणि दहा-अकरा हजार माणसे राहत होती. त्यांना कोणी विचारलेच नाही. एके दिवशी कंपनीची माणसे आली आणि शेतांत चर खणू लागली, तेव्हा गावकऱ्यांना कळले की आपली जमीन जाणार आहे. सरकारकडे १८९४ चा कायदा होता. सार्वजनिक काम आहे असे सरकारने म्हटले की जमीन घेता येई, मालकाची तयारी असो वा नसो.

जमिनीचे पैसे मिळणार होते ना, असे तुम्ही विचाराल. होय, त्याला नुकसानभरपाई म्हणतात. पण ती कोणाला, हे पाहू या. बरेच शेतकरी सावकारांच्या कर्जात बुडालेले होते आणि पुष्कळ जमिनी कागदोपत्री सावकारांकडे होत्या. पैसा येणार तो सावकाराच्या हातात. आणि गावात नुसते शेतकरी राहत नसतात. लोहार नांगराचा फाळ करतो, सुतार बैलगाडी दुरुस्त करतो, कुंभार मडकी देतो आणि सुगीला प्रत्येकाला धान्याचा वाटा मिळतो. याला बलुतेदारी म्हणत. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याला भरपाई कशाची? एक शेत बुडाले की त्याच्याभोवती फिरणारे सगळे गाव बुडते. शेताची किंमत आकड्यात लिहिता येते. गावाची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची?

मावळ्यांनी ठरवले की जमीन द्यायची नाही. जीव गेला तरी हटायचे नाही. विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव फिरून लोकांना संघटित केले आणि पांडुरंगराव बापट त्यांचे पुढारी झाले. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. शेकडो मावळे, त्यात बायकाही, भजने म्हणत धरणाच्या जागी गेले आणि तिथेच बसून राहिले. हाणामारी नाही, शिवीगाळ नाही. कामगारांनी हत्यारे खाली ठेवली. काम बंद पडले! याच लढ्यात लोकांनी बापटांना सेनापती म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव जन्मभर राहिले.

काही महिने काम थांबले. मग ते पुन्हा सुरू झाले, तसा सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला. धरपकड झाली. बापट, भुस्कुटे, शंकरराव देव असे पुढारी तुरुंगात गेले आणि शेकडो मावळे स्त्री-पुरुषही गेले. घरचे कर्ते माणूस तुरुंगात आणि पेरणी तोंडावर आलेली, असे दिवस त्यांनी काढले.

पण हळूहळू एकजूट फुटू लागली. पुण्यातल्या काही पुढाऱ्यांना वाटू लागले की धरण काही अडत नाही, तेव्हा भरपाई तरी चांगली पदरात पाडून घ्यावी. सावकारांना रोख रक्कम हवीच होती. दमलेले शेतकरीही एकेक करून पैसे घेऊ लागले. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पोटात अन्न नसताना किती दिवस बसून राहणार?

बापट मात्र मागे हटले नाहीत. पुन्हा पुन्हा तुरुंगात जाऊन आले. शेवटी डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी मोजक्या साथीदारांसह रुळांवर दगड रचून धरणाच्या कामाची रेल्वे बळाने अडवली. इथे त्यांनी शांततेची वाट सोडली. ते बरोबर होते की चूक, यावर तेव्हाही मतभेद झाले आणि तुमच्या-माझ्या घरातही होतील. मला स्वतःला ते पटत नाही, कारण गाडीत बसलेले कामगारही पोटासाठीच आलेले होते. पण केलेल्या कृत्याची शिक्षा त्यांनी टाळली नाही. त्यांना सात वर्षांची कैद झाली. लढा तिथेच संपला. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. मुंबईला वीज मिळाली. आंबेमोहोराची शेते, घरे, देवळे पाण्याखाली गेली.

तर अशी ही हरलेली लढाई.

पुढचे चरित्र थोडक्यात सांगतो. १९३१ मध्ये सुटल्यावरही ते स्वस्थ बसले नाहीत. भाषणाबद्दल पुन्हा तुरुंगात गेले. पुढे सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये काम केले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. देश स्वतंत्र झाला तेव्हा ते ६६ वर्षांचे होते, पण निवृत्त व्हायचे त्यांच्या मनातही आले नाही. १९५५ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्यात सत्याग्रहींची तुकडी घेऊन गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत म्हातारपणी मोर्च्यांच्या पुढे चालले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले ते त्यांना पाहायला मिळाले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९७७ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

आता तुम्ही म्हणाल, काका, शंभर वर्षांपूर्वीची मुळशीची गोष्ट आम्हाला दुबईत कशाला? त्यासाठी नकाशात जरा खाली, आफ्रिकेकडे चला. आपल्या इमारतीत, शाळेत, डीआयपीतल्या कंपन्यांत आफ्रिकेतून आलेली माणसे रोज भेटतात, त्यांच्या घरीही अशाच गोष्टी आहेत.

झांबेझी नदीवर आजच्या झांबिया आणि झिंबाब्वे या देशांच्या सीमेवर करिबा नावाचे प्रचंड धरण आहे. ते १९५५ ते १९५९ या काळात बांधले गेले, तेव्हा तिथेही इंग्रजांचीच सत्ता होती. नदीकाठी टोंगा लोक राहत. दर वर्षी पूर ओसरला की गाळाच्या ओल्या जमिनीत ते पिके घेत. त्यांच्यापैकी सुमारे ५७,००० जणांना उठवून दूरच्या, कोरड्या जमिनीवर नेऊन बसवले. वीज गेली तांब्याच्या खाणींना आणि शहरांना. धरणासाठी ज्यांनी नदी सोडली त्यांच्या कितीतरी वस्त्यांत मात्र पुढची अनेक दशके दिवा लागला नाही. टोंगांना मराठी येत नाही आणि मावळ्यांना टोंगा भाषा येत नाही, पण एकमेकांची गोष्ट त्यांना एका वाक्यात कळली असती.

केनियात वंगारी मथाई नावाच्या बाई होऊन गेल्या. त्याही भरपूर शिकलेल्या, प्राध्यापक. खेड्यातल्या बायकांना जळण आणि पाणी मिळत नाही, कारण झाडे तुटून गेली, हे त्यांनी पाहिले आणि १९७७ मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली. बायकांनीच रोपे तयार करायची, लावायची आणि जगलेल्या प्रत्येक रोपामागे त्यांना थोडे पैसे मिळायचे. म्हणजे झाड गावात, सावली गावात, जळण गावात आणि पैसाही गावात. अशी कोट्यवधी झाडे लागली. नैरोबीच्या मोठ्या बागेत सरकार उंच इमारत बांधणार होते, तेही त्यांनी विरोध करून थांबवले. मार खाल्ला, तुरुंगात गेल्या. २००४ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांची लढाई बरीचशी जिंकली गेली, सेनापतींची हरली. पण दोघांचा प्रश्न एकच होता : आमच्या नदीचे, आमच्या जमिनीचे काय करायचे हे ठरवताना आम्हाला विचारणार की नाही?

आणि हा प्रश्न आपल्या अगदी दाराशी येऊन गेला आहे. आपल्या डीआयपीच्या मेट्रो स्टेशननंतर एक्स्पोचे स्टेशन येते. तिथे एक्स्पो सिटीत २०२३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जगातल्या सर्व देशांची हवामान परिषद भरली होती. शाळेत तुम्हाला सांगितलेच असेल की कोळसा आणि तेल जाळल्याने पृथ्वी तापते आहे. जगाच्या लोकसंख्येतील जवळजवळ पाचवा हिस्सा आफ्रिकेत राहतो, पण हवेत जाणाऱ्या कार्बनमधला त्यांचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास आहे. दुष्काळ आणि पूर मात्र त्यांच्याकडे आधी पोहोचतात. घाण एकाने करायची आणि दुसऱ्याने उचलायची. आठवले ना, पारनेरचा झाडू? म्हणून आफ्रिकेतले आणि इतर गरीब देश कित्येक वर्षे सांगत होते की आमच्या नुकसानीची भरपाई करा. आदल्या वर्षी इजिप्तमध्ये, म्हणजे आफ्रिकेच्याच भूमीवर, अशा निधीचे ठरले आणि दुबईच्या परिषदेच्या पहिल्याच दिवशी तो प्रत्यक्ष सुरू करण्याचा निर्णय झाला. निधीत जमलेले पैसे नुकसानीच्या मानाने फार थोडे आहेत. पण देणे लागतो हे मान्य झाले, हेही थोडे नाही.

तसेच काहीसे मुळशीचे झाले. १९७६ मध्ये महाराष्ट्राने धरणांमुळे उठवलेल्या माणसांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. १८९४ चा तो जुना कायदा जाऊन २०१३ मध्ये भारतात नवा कायदा झाला. आता खाजगी कंपनीच्या कामासाठी सरकारला जमीन घ्यायची असेल तर ज्यांच्यावर परिणाम होणार अशा ८० टक्के कुटुंबांची आधी संमती लागते. आणि जमीन नावावर नसली तरी त्या जमिनीवर ज्यांचे पोट चालते त्यांचाही विचार करावा लागतो. आपल्या लोहार-सुतारांची आठवण कायद्याला झाली, पण त्याला ९० वर्षे लागली! कागदावरचा कायदा प्रत्येक ठिकाणी नीट पाळला जातो असे मी म्हणणार नाही. पण मुळशीच्या मावळ्यांकडे तो कागदही नव्हता.

मुलीने पुण्यात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी तिला आता असे दिले आहे. सेनापती बापट कोणत्याही सैन्याचे सेनापती नव्हते आणि ते धरण थांबवू शकले नाहीत. पण सगळ्यांच्या भल्यासाठी म्हणून एखादी गोष्ट करताना तिची किंमत कोण देतो आहे आणि त्याला आपण विचारले का, हे विचारायला त्यांनी शिकवले. धरण चांगले असेल, वीज स्वच्छ असेल, तरीही हा प्रश्न उरतोच. माझ्यासारख्या इंजिनिअरला तर तो रोज पडायला हवा.

यावर ती म्हणाली, मग आपल्या घरातल्या एसीच्या विजेची किंमत कोण देते? मी महिन्याच्या बिलाकडे बोट दाखवले. तिने मान हलवली, बिलाबद्दल विचारत नाहीये, असे तिचे म्हणणे. बिलात न लिहिलेल्या किमतीबद्दल ती विचारत होती. तेव्हापासून आमच्या घरी कोणी नसलेल्या खोलीत एसी चालू राहिला तर तिला आवडत नाही आणि ओरडा मला बसतो.

जाता जाता, मुलांनो, तुमच्यासाठी एक गृहपाठ. या आठवड्यात आजी-आजोबांना फोन कराल तेव्हा विचारा की तुमच्या गावाजवळ कोणते धरण आहे? ते कधी बांधले? त्याच्या पाण्याखाली कोणती गावे गेली आणि ती माणसे आता कुठे राहतात? मिळालेली माहिती पाच ओळींत मराठीत लिहून पुढच्या शनिवारी बाईंना द्या. जमल्यास बुडालेल्या गावाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहा. कोणत्याही रस्त्याच्या पाटीवर ते नाव आपल्याला वाचायला मिळणार नाही.

— एक पालक